ठकूबाई, आलो गं!

बसा रे पोरांनो, पण दाराच्या वाटेत बसू नका. का, ते पुढं कळेल.

लई जुनी गोष्ट. माझ्या आजीच्या आजीनंही ती ऐकलेलीच, पाहिलेली नाही. आपल्या खडकनिंब गावावरनं तेव्हा बैलगाडीची वाट जायची आणि उन्हानं होरपळलेला वाटसरू गावात हमखास टेकायचा. घरं दगडमातीची, वर मातीचं जाड छत, म्हणजे माळवद. बाहेर भट्टी, आत माठासारखा गारवा. म्हणून पाहुण्याला सगळ्यात आतल्या खोलीत न्यायचं, तोच त्याचा मान.

गावात ठकूबाई नावाची एक विधवा बाई होती. पांढरी माती डोक्यावर वाहून लोकांच्या माळवदावर टाकायची, त्यावर तिचं पोट. दरसाल पावसाआधी मातीचा नवा थर पडायचा. जुना कोणी काढायचं नाही. कशाला काढतील? ज्याचं माळवद जाड त्याचा तोरा मोठा! अधूनमधून भुई गुरगुरायची, फळीवरची भांडी वाजायची. लोक म्हणायचे, शेषानं कूस बदलली, आणि पुन्हा पानाला चुना लावायचे.

ठकूला एकच लेक, गजरा, दूरच्या गावी दिलेली. एका वैशाखात ती माहेरी येणार म्हणून निरोप आला. लेकीला ऊन लागू नये म्हणून ठकूनं स्वतःच्या माळवदावर पाटीवर पाटी माती चढवली. गजरा भर दुपारी चालत आली. आईनं तिला आतल्या खोलीत घोंगडीवर निजवलं. म्हणाली, "पड जरा. ताजं पाणी घेऊन येते."

ती विहिरीवर पोचली आणि भुई हलली. गावातल्या भिंतींना तडे गेले, पण पडलं ते एकट्या ठकूचं घर. भिंती कच्च्या आणि वर माती सगळ्यात जास्त. तिनं ती नखांनी उपसली. गजरा सापडली, पण "आई" म्हणाली नाही. भरलेली घागर विहिरीवर तशीच राहिली.

ठकूनं पुन्हा घर बांधलं नाही. वेशीजवळच्या निंबाखाली रांजण भरून बसली आणि येईल त्या वाटसरूला अडवू लागली. "आत नको जाऊ रे बाबा. इथं बस, मी वारा घालते." लोक चिडायचे. पाहुण्याला बाहेर बसवते, गावाचं नाक कापते ही! कोणाच्या माळवदावरची माती उतरवायला चढली, तर खालून शिडी काढून घेतली. काय करणार बिचारी? निंबाखाली येऊन रडायची. भुई हलायच्या आधी रांजणातलं पाणी थरथरायचं आणि ते तिला एकटीलाच दिसायचं, असं म्हणतात.

मग एका वर्षी भर दुपारी नवरीकडचं वऱ्हाड गावात उतरलं. पाटलांनी त्यांना आपल्या आतल्या खोलीत बसवलं. गावातलं सगळ्यात जाड माळवद त्यांचंच. गूळपाणी झालं, माणसं आडवी झाली. इकडे रांजणातलं पाणी असं थरथरलं की काठावरनं सांडलं, असं म्हणतात. ठकू धावत पाटलांच्या दारात आली. "उठा रे, बाहेर निघा! भुई हलणार!"

पाटील हसले. "वेडी आहे हो. पडा तुम्ही."

ठकू आत शिरली, नवरीच्या शालूचं गाठोडं उचललं आणि सुसाट निघाली. झालं! "चोर! चोर! धरा तिला!" अख्खं वऱ्हाड मागे, पाटील मागे, चाकरमाणसं मागे. नवरीच्या बापानं दगड भिरकावला, तो ठकूच्या कपाळाला लागला. तरी ती निंबाखाली पोचेपर्यंत थांबली नाही. तिथं वळून तिनं माणसं बघितली. नवरी कुठाय?

नवरी आतच होती. हळदीच्या अंगाची पोर, कोणी उठ म्हटल्याशिवाय उठेल कशी? ठकूनं गाठोडं टाकलं आणि रक्ताळलेल्या कपाळानं परत धावत गेली.

पुढचं त्या नवरीनंच सांगितलं. ती म्हातारी होईपर्यंत सांगत होती आणि दरवेळी रडत होती. "बाईनं माझा हात धरला. म्हणाली, ऊठ गजरे, पाणी आणलंय. आणि मला दारातनं ढकललं." नवरी अंगणात पडली आणि मागे पाटलांचं घर बसलं.

नवरीच्या बापानं हातानं माती उपसली. ठकू सापडलीच नाही, नुसती तिची पाटी सापडली, असं म्हणतात. खरं सांगू? मला वाटतं, सापडली असणार. कपाळावरची ती खोक कोणाला बघवली नसेल. माणसं वाचवून गेली बाई, आणि जाताना कानावर काय पडलं? चोर!

तेव्हापासून आपल्याकडे पाहुण्याला पहिलं पाणी अंगणात देतात. पावसाआधी माळवदावरनं मातीची एक पाटी ठकूच्या नावानं खाली उतरवतात. आता पत्रे आले, तरी ओंजळभर माती निंबाखाली टाकतातच. आणि गावात वऱ्हाड आलं की एखादी म्हातारी नवरीचं गाठोडं उचलून निंबाकडे पळते. मागोमाग सगळे पळतात, नवरी सगळ्यांच्या पुढं. गेल्या साली मी पळाले, गुडघे दुखेस्तोवर. चोर कोणी म्हणत नाही. सगळे एका आवाजात ओरडतात, "ठकूबाई, आलो गं! सगळे आलो!"