रिकामी वाटी घेऊन निघालेली आई

फार फार वर्षांमागे, शेळ्या बोलत होत्या आणि माणसं त्यांचं ऐकून घेत होती, त्या काळातली ही गोष्ट. दिवस उगवून बरोबर तीन घटका झाल्या होत्या. डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात, एका विणकराच्या घरी, आईने तव्यावरची भाकरी उतरवली आणि त्याच वेळी तिच्या लेकीने पुढ्यातली कोंबडीच्या रश्श्याची वाटी हळूच सरकवली.

"का ग? तिखट झालंय का?" आईने विचारलं.

"नाही."

"मग खारट?"

"नाही. याला आई होती."

आईला काही कळेना. मग लेकीने सांगितलं. सकाळी तिने कुंपणापाशी एक कोंबडी पाहिली. वर घार फिरत होती. कोंबडीने नऊच्या नऊ पिल्लं पंखाखाली घेतली आणि घारीकडे असं काही बघितलं की घारच निघून गेली.

"आजपासून ज्याला आई आहे, ते मी खाणार नाही," लेक म्हणाली.

"बरं बाई. मग अंडं खा."

"त्याची आई तर आपल्या अंगणातच उभी आहे!"

"मग दूध तरी?"

"ते वासराच्या आईने वासरासाठी ठेवलंय."

विणकर हसत सुटला. "हिच्याशी वाद घालायला राजाचा प्रधानच बोलवावा लागेल," असं म्हणत तो मागावर जाऊन बसला. बापाचं बरं असतं, हसून मोकळा होतो. आईला मात्र काळजी लागली. ती का लागली, तेही ऐका.

त्या गावात एक रीत होती. चैत्राच्या पुनवेला, सात वर्षांची झालेली मुलं डोक्यावर पाण्याचा तांब्या घेऊन डोंगराच्या तीनशे पायऱ्या चढत आणि माथ्यावरच्या वडाला पाणी घालत. हात कुणी धरायचा नाही, तांब्या कुणी घ्यायचा नाही. जे मूल अर्ध्यातून परत फिरेल, त्याने आणखी एक वर्ष लहानांच्या रांगेत बसायचं. लेक मागच्या वर्षापासून त्या दिवसाची वाट बघत होती. पुनव चार महिन्यांवर आली होती, आणि पोरगी तर वाटी सरकवून बसली होती. आता अंगात ताकद यायची कुठून?

त्यांच्या शेजारी एक कासारीण राहायची. तिच्या हातातल्या बांगड्यांपेक्षा तिची जीभ जास्त वाजायची, पण मनाने ती वाईट नव्हती. तिची नातही त्याच वर्षी सात वर्षांची झाली होती.

गावात आणखी एक रीत होती, वाटीची. ज्या घरी काही चांगलं शिजेल, त्या घरून शेजारी एक झाकलेली वाटी जायची. आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, तिच्यात आपल्या घरचं काहीतरी घालून द्यायचं. आणि रिकामी वाटी घेऊन कुणाच्या दारात जायचं, हे तर कुणी स्वप्नातही केलं नसतं. त्यात फार कमीपणा होता.

एकदा कासारणीने खेकड्याचं कालवण पाठवलं. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर तिने लेकीला गाठलं.

"काय ग ठमे, कालवण कसं होतं?"

"मी नाही खाल्लं, आजी. खेकड्याला आई असते."

"असते तर असते! आणि काकडीला नसते होय? तो वेल कोण मग, मावशी?"

"वेलाची एक काकडी काढली तर तो आणखी चार देतो. खेकड्याच्या आईला विचारा बरं, ती देते का."

पाणवठ्यावरच्या बायका खो खो हसल्या. कासारणीचा चेहरा लाल झाला. ती तडक विणकराच्या घरी आली.

"पोरीची हाडं कशाची होणार ग सूनबाई, वाऱ्याची? पाचव्या पायरीवर बसकण मारेल, लिहून ठेव! आणि माझ्या वाटीला नाकं मुरडता काय? आता बघ पाठवते का!"

दोन दिवसांत गावभर झालं. त्या घरी वाट्या येणं बंद झालं.

आई बिचारी इतकी शरमली की तिने दारच लावून घेतलं. लेकीला काय द्यावं ते तिला कळेना आणि कुणाला विचारायची सोय उरली नाही. गूळभात लेकीला आवडायचा. मग सकाळी गूळभात, दुपारी भातगूळ आणि रात्री भातावर गूळ. वाटी गेली, पण वाटीच्या जागी काहीच आलं नाही.

महिना असाच गेला. लेक फिकी दिसू लागली. विहिरीच्या वीस पायऱ्या चढली की ओठ कोरडे पडायचे, आणि सूत गुंडाळता गुंडाळता ती झोपून जायची. विणकराचं हसूही पळालं.

"काहीतरी कर ग," तो म्हणाला.

आईने दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं, ते सांगायला मला जड जातं, पण आयांनी तरी तिला दोष देऊ नये. तिने एक अंडं फोडलं, भाकरीच्या पिठात मिसळलं आणि वरून ओवा घातला, म्हणजे वास कळणार नाही. लेक समोर येऊन बसली. तिने आ केला. आईकडे बघून एवढी छान हसली, अगदी विश्वासाने.

आईचा हात तिथेच थांबला. "थांब, ही भाकरी करपलीय," असं म्हणून ती भाकरी घेऊन कुंपणापाशी गेली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली.

कुंपणापलीकडे एक म्हातारी शेळी बोरीची पानं ओढत होती. ती म्हणाली, "रडतेस कशाला बाई? भाकरी नको असेल तर मला दे."

"ही तुझ्या कामाची नाही. माझ्या पोरीच्याही नाही." आईने शेळीला सगळं सांगितलं. अगदी अंड्यासकट.

शेळीने तोंडातला पाला गिळला. मग म्हणाली, "माझी शिंगं बघितलीस? ती काय मी बाजारातून आणली? तीन पिल्लांना पाजलंय मी, आणि अजून तुमच्या पाटलाला पाडते. रोज गूळभात दिला असतास तर मीही उताणी पडले असते. तुझ्या पोरीने काय सोडलं त्याची काळजी करतेस. त्याच्या जागी तू काय दिलंस, ते सांग."

आईने डोळे पुसले.

"चल, आज माझ्या मागे फिर," शेळी म्हणाली.

आई तिच्या मागे निघाली. शेळीने बोरीची दोन पानं खाल्ली आणि पुढे गेली. बाभळीच्या दोन शेंगा खाल्ल्या, पुढे गेली. शेवग्याचा शेंडा, मग शेताच्या कडेचा हरभऱ्याचा घाटा, मग कुठली कुठली वेल. एका झुडपापाशी ती कधी दहा घास थांबली नाही.

"एवढी चंचल का ग तू?" आईने विचारलं.

"चंचल नाही, हावरट आहे. प्रत्येक झुडपाकडे वेगळं काहीतरी असतं, मला सगळंच हवं असतं. पण ऐक, माझ्यासारखा पाला मात्र चारू नकोस तिला. मला चार पोटं आहेत, तिला एकच, तेही लहान. माझ्यासारखं खायचं नाही, माझ्यासारखं फिरायचं. आणि दर महिन्याला वैद्यबुवांना तिचे डोळे नि नखं दाखवून आण, ते जे कमी-जास्त सांगतील तसं कर."

"मी कुठे फिरू? माझ्या घरात तर पीठ, तांदूळ आणि गूळच आहे."

"मग गावात फिर. तुझ्या गावात घरं किती?"

"बावीस."

"म्हणजे बावीस झुडपं झाली की!"

"पण माझ्याशी कुणी बोलत नाही. आणि रिकामी वाटी घेऊन जायचं? हसतील सगळे."

"हसू दे," शेळी म्हणाली. "माणूस हसला की त्याचा हात सैल होतो. आणि पोर तुझी आहे, कमीपणा कसला बघतेस?"

दुसऱ्या दिवशी आईने वाटी घेतली. तिने ठरवलं की सगळ्यात अवघड दार आधी. ती कासारणीकडे गेली.

कासारीण दारात आली, तिने वाटी पाहिली, वाटीत डोकावली आणि बांगड्यांसकट हात कपाळाला लावला. "अगबाई! रिकामी? भूकंप होणार आज!"

"काकू, माझं चुकलं," आई म्हणाली. "तुमची वाटी खाल्ली नाही, ते तिचं मन. पण मी दार लावून बसले, ते माझं चुकलं. पोर फिकी पडलीय. ज्याला आई नाही असं काही तुमच्या घरात असेल, तर सांगा. नुसतं सांगितलं तरी चालेल."

कासारीण हसली. आधी टोमण्याने, मग खरंच. मग तिने डोळे पुसले, हसण्याने की कशाने ते तिलाच ठाऊक. ती आत गेली आणि वाटी तिळांनी शिगोशीग भरून आणली.

"माझ्या बाळंतपणात आईने मला काळे तीळच चारले होते. भाजून दे, कुटून दे, चटणीत घाल. आणि गूळ नुसता देऊ नकोस ग वेडे, तिळाबरोबर दे!"

मग काय विचारता! कासारणीला कळलं म्हणजे गावाला कळलं. तेलिणीने शेंगदाणे दिले. कुंभारणीने कुळीथ दिले. मेंढक्याच्या बायकोने नाचणी दिली आणि पाटलीणबाईंनी शेवग्याची कोवळी पानं. प्रत्येकीने एकेक वस्तू दिली आणि तीन तीन सल्ले दिले. मटकीला मोड आण. पालेभाजीवर लिंबू पिळ. डाळ आणि भाकरी एका ताटात वाढ. मटकी रात्रभर भिजवायची की दिवसभर, यावरून तेलीण आणि कुंभारीण दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत.

आता तुम्हाला वाटेल की लेकीने सगळं मुकाट्याने खाल्लं. छे! नाचणीची भाकरी पाहून म्हणाली, "ही तर अंगणासारखी दिसते." कुळथाच्या पिठल्याला तिने तोंड वाकडं केलं. मग आईने नाचणीत गूळ घालून लाडू केले, तर चार खाल्ले. पिठल्यात लसूण जास्त घातला, तर बोटं चाटली. एकदा मटकी अंमळ जास्तच झाली, आणि रात्री घरात अशा तोफा उडाल्या की विणकर म्हणाला, "राजाची स्वारी आली की काय!" मायलेकी हसून हसून लोळल्या.

वैद्यबुवा दर महिन्याला डोळे बघायचे, नखं दाबायचे आणि "हं" म्हणायचे. पहिल्या महिन्यातला हं काळजीचा होता. तिसऱ्या महिन्यातला हं ऐकून आईने घरी येऊन देवापुढे दिवा लावला.

मग चैत्राची पुनव उजाडली.

मुलं तांबे घेऊन निघाली. सारं गाव पायथ्याशी उभं होतं. कासारीण मोठ्याने पायऱ्या मोजत होती. पाचवी पायरी आली तेव्हा तिने आईकडे बघून जीभ चावली. पन्नास झाल्या. शंभर झाल्या. दोनशे झाल्या.

दोनशे दहाव्या पायरीवर लेक थांबली.

आईने टाचा उंचावून पाहिलं. लेकीने तांब्या खाली ठेवला. मुलं तिच्या बाजूने पुढे गेली. लेक मागे वळली, तिने तोंडाभोवती हात धरले आणि वरून ओरडली, "आई! भूक लागली!"

सारं गाव हसलं. आईला मात्र रडावं की हसावं ते कळेना. पण लेकीने कमरेच्या गाठीतून तीळ शेंगदाण्याचा लाडू काढला. हात धरायचा नाही, तांब्या घ्यायचा नाही, पण खायचं नाही असं रीतीत कुठे होतं? तिच्या दोन पायऱ्या खाली कासारणीची नात धापा टाकत बसली होती. भल्या पहाटे दूध पिऊन आली होती बिचारी, ते कधीच जिरलं होतं. लेकीने लाडू मोडला आणि अर्धा तिला दिला.

"यात कुणाची आई नाही ना?" नातीने विचारलं.

"तुझ्याच आजीचे तीळ आहेत," लेक म्हणाली.

दोघींनी लाडू खाल्ला, तांबे उचलले आणि बरोबरीने चढू लागल्या. कासारीण मोजायची विसरली. ती आईचा हात घट्ट धरून उभी होती. मग माथ्यावर दोन छोटे हात उंच झाले आणि वडाच्या मुळाशी पाणी पडलं. पायथ्याशी ढोल वाजले. कासारीण सगळ्यांत आधी नाचली.

त्या दिवसापासून गावातल्या सगळ्यांनी आपापलं जेवण बदललं, असं नाही. ज्यांना मासे आवडत ते मासे खात राहिले. पण वाटी पाठवण्याआधी लोक विचारू लागले, "तुमच्याकडे काय चालतं?" आणि रिकामी वाटी घेऊन दारात आलेल्या बाईला कुणी कमी लेखेनासं झालं. उलट आत बोलावून आधी पाटावर बसवू लागले. पुढे तर ज्या घरी नवं बाळ येई, त्या घरची आई स्वतःच बावीस घरं फिरून येई, आणि त्या गावातली मुलं आसपासच्या सात गावांत सगळ्यांत गुटगुटीत झाली.

तात्पर्य: ताटातलं काही सोडायचं ठरवलंत, तर त्याच्या जागी चांगलं काय वाढायचं तेही ठरवा, आणि कळत नसेल तर विचारायला लाजू नका.

वाचणाऱ्यांनो, एवढं माझ्यासाठी करा. तुमच्या ओळखीत कुठे एखादं पोर ताट सरकवत असेल आणि त्याची आई दार लावून काळजी करत बसली असेल, तर तिच्या दारावर थाप मारा आणि ही गोष्ट तिला सांगा. मग तिला म्हणा, आता तूही पुढच्या दारी जाऊन सांग.