टिल्याची भोकाची गोधडी

बिळात राहायचं उंदराचं एक पिल्लू. एवढुस्सं. नाव टिल्या.

टिल्याची एकच गोधडी. आईने जुन्या फडक्याची शिवलेली. मऊ मऊ. मधोमध भोक. भोकातून शेपूट बाहेर काढायचं आणि घोरायचं. घुर्र घुर्र.

एकदा आई गेली दाणे आणायला. दारात आली साळुंकी बोहारीण. डोक्यावर पाटी. "जुनं द्या, भांडं घ्या. जुनं द्या, भांडं घ्या."

पाटीत एक वाटी. लख लख लख. टिल्या बघतच राहिला. दिली गोधडी. घेतली वाटी.

घेतली कशाला? कोण जाणे बाबा.

दुपार झाली. टिल्या वाटीत झोपला. वाटी गार. वाटी कडक. इकडे वळला, टण्ण. तिकडे वळला, टण्ण. टिल्याला झोप येईना. त्याला रडूच आलं.

वाटी घेतली डोक्यावर आणि निघाला. तुरुतुरु तुरुतुरु.

"साळुंकी मावशी, वाटी घ्या, गोधडी द्या."

"गोधडी नेली खारूताईने. तिलाच विचार."

तुरुतुरु तुरुतुरु.

"खारूताई, खारूताई, गोधडी दे. टिल्याला झोप येईना. तुझी शेपटी एवढी झुबकेदार. गोधडी घेतलीस कशाला?"

"कोण जाणे बाबा. बाळांना झोळी केली, तर भोकातून बाळं पडतात खाली. सशाची टोपी आण. तिचा पाळणा करीन. मग देईन गोधडी."

तुरुतुरु तुरुतुरु.

"ससेभाऊ, ससेभाऊ, टोपी दे. खारूताई गोधडी देईना, टिल्याला झोप येईना. तुझे कान एवढे लांब. टोपी घेतलीस कशाला?"

"कोण जाणे बाबा. टोपीत कान मावत नाहीत. कानांना ऊन लागतं. बेडकाची छत्री आण. मग देईन टोपी."

तुरुतुरु तुरुतुरु.

"बेडूकराव, बेडूकराव, छत्री द्या. ससा टोपी देईना, खारूताई गोधडी देईना, टिल्याला झोप येईना. तुम्ही राहता पाण्यात. छत्री घेतलीत कशाला?"

"कोण जाणे बाबा. मी गातो, पण ठेका कोण धरणार? बुलबुलबाईंची ढोलकी आण. मग देईन छत्री."

तुरुतुरु... टिल्या थांबला. छत्रीची ढोलकी? ढोलकीची टोपी? आणि आपलं काय होतं बरं? त्याचा अगदी गोंधळ उडाला. मग एक जांभई आली. हां, गोधडी. आपली गोधडी.

तुरुतुरु तुरुतुरु.

"बुलबुलबाई, बुलबुलबाई, ढोलकी द्या. बेडूक छत्री देईना, ससा टोपी देईना, खारूताई गोधडी देईना, टिल्याला झोप येईना. तुमचं घरटं एवढंसं. ढोलकी घेतलीत कशाला?"

"कोण जाणे बाबा. बसायलाही जागा उरली नाही. पण माझ्या पिल्लांना तहान लागलीय. चोचीत पाणी मावणार किती? पाणी ठेवायला काहीतरी आण. मग देईन ढोलकी."

पाणी ठेवायला? आता ते कुठून आणायचं? टिल्याने इकडे बघितलं. तिकडे बघितलं. काही सुचेना. डोकं खाजवायला हात वर केला.

टण्ण.

अरेच्चा. डोक्यावर तर वाटी.

वाटीत भरलं पाणी. पिल्लं प्यायली चुळुक चुळुक. बुलबुलने दिली ढोलकी. बेडकाला मिळाली ढोलकी, ढुम ढुम डराँव. त्याने दिली छत्री. सशाला मिळाली छत्री, कान आले सावलीत. त्याने दिली टोपी. खारूताईला मिळाली टोपी, बाळं झुलली झुई झुई. तिने दिली गोधडी.

आणि टिल्याला मिळाली गोधडी. तीच. भोकाची. त्याने ती पोटाशी घट्ट धरली आणि घरी पळाला.

दुसऱ्या दिवशी दारात कोण? साळुंकी बोहारीण.

"टिल्या, चमचा बघ कसा चमकतो. दे ती गोधडी आणि घे चमचा."

लख लख लख. टिल्याचा हात पुढे गेला. मग मागे आला.

"मावशी, चमचा घेऊ कशाला?"

साळुंकीने डोकं खाजवलं.

"कोण जाणे बाबा," ती म्हणाली.

टिल्याने गोधडी ओढली. भोकातून शेपूट बाहेर काढलं.

घुर्र घुर्र.