सरकारांची बिनलाकडाची आंघोळ

दरबारात हसायचं नसतं, एवढी अक्कल मला चाळिशी उलटली तरी आली नव्हती.

झालं असं, एक शास्त्रीबुवा यंत्र घेऊन आले. काचेच्या भांड्यात पाणी, पाण्यात दोन तारा, आणि त्या तारांना वीज पुरवणारं हाताने फिरवायचं चाक. त्यांच्या दोन दांडग्या शिष्यांनी चाक गरगर फिरवलं. पाण्यातून बुडबुडे निघाले, नळीत शिरले. बुवांनी काडी लावली आणि नळीच्या तोंडाशी फिकट निळी ज्योत उभी राहिली.

"पाणी पेटलं, सरकार," बुवा म्हणाले. "आता लाकूड नको, कोळसा नको. पाण्यानेच पाणी तापवा. फुकट."

त्या 'फुकट'ला मी हसले. माझं लक्ष शिष्यांकडे होतं. ऐन थंडीत त्यांच्या पाठीवरून घाम ओघळत होता.

"धुरपा," सरकार म्हणाले, "तूच आमचा बंब पेटवतेस ना? उद्या न्हाणीघरात एक काटकी जळता कामा नये. आमची आंघोळ या यंत्रावर. नाही जमलं तर न्हाणीघराची किल्ली ठेवायची आणि गावाकडं चालू लागायचं."

गावाकडं माझं काय होतं? एक मोडकं कुंपण आणि एक भांडखोर जाऊ. मी म्हटलं, "जमवते, सरकार."

सकाळी सरकार शाल पांघरून कुडकुडत आले. मी भरलेला हंडा नळीवर चढवून ठेवला होता. शिष्य चाकाला हात घालणार, तोच मी आडवी आले.

"थांबा रे. नव्या औताला पहिला हात धन्याचा. आमच्यात नांगरसुद्धा असाच धरतात."

"चाक जड नाही ना?" सरकारांनी विचारलं.

"लोण्यासारखं आहे," बुवा म्हणाले. त्यांनी ते कधी फिरवलं नव्हतं.

सरकारांनी चाक फिरवलं. ज्योत लागली. खूश होऊन ते थांबले, तर ज्योत विझली.

"अगंबाई, थांबायचं नसतं वाटतं," मी म्हटलं. "आणि वरच्या झरोक्यातून राणीसरकार बघतायत."

मग कसले थांबतायत! शाल गेली, बंडी गेली. मी अधूनमधून हंड्यात बोट बुडवत होते. "अजून गारच आहे, सरकार. ज्योत मात्र छान दिसते."

शेवटी सरकारांनी चाक सोडलं. नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकत होता. "धुरपा, अंगाची काहिली होतेय. ओत पाणी."

"तापलं नाही अजून."

"न तापलेलंच हवंय. ओत."

मी सबंध हंडा ओतला. सरकारांनी दुसरा मागितला.

पदराला हात पुसत मी म्हटलं, "आंघोळ झाली, ती यंत्रावरच झाली, काटकीही जळली नाही. हुकमातलं काही राहिलं का, सरकार?"

शास्त्रीबुवा तडकले. "पण पाणी पेटलं होतं! ते काय खोटं?"

"खोटं कोण म्हणतंय, बुवा? पण सरकारांनी जेवढं अंग मोडून घेतलं, तेवढी ऊबही परत आली नाही. त्यापेक्षा माझं लाकूड बरं. ते झाड असताना उन्हात राबून आलेलं असतं. मला फक्त काडी लावायची."

सरकार हसत सुटले. वर राणीसरकारही पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"किल्ली हिच्याकडेच राहू द्या," सरकार म्हणाले. "वर एक जरीचं लुगडं द्या. आणि बुवांना घटकाभर ते लोणी फिरवू द्या."

लुगड्याचं नाव ऐकून मला जरा जास्तच चेव आला. "मग उद्यापासून रोज असंच करायचं का, सरकार?"

सरकारांचा घाम एव्हाना वाळला होता. दातावर दात आपटत ते म्हणाले, "उद्याचं उद्या. आत्ता बंब पेटव."