विसराळू धनेशआजोबा

रानात माणूस फिरकलाही नव्हता, तेव्हाची गोष्ट. धनेश पक्ष्याची मादी अंडी उबवायला झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घ्यायची आणि नर फटीतून तिला फळं भरवायचा.

म्हाताऱ्या धनेशआजोबांची बायको कधीच गेली होती, पण तेच ते विसरायचे. दिसेल त्या ढोलीत उंबर सरकवून म्हणायचे, "खा गं बायो, उशीर झाला, रागावू नकोस!" तरणे नर खो खो हसायचे.

एकदा एका तरण्या नराला गरुडाने उचललं. आत कोंडलेली त्याची बायको आणि पिल्लं दोन दिवस उपाशी! तिसऱ्या दिवशी फटीतून पिकलं उंबर आत आलं!

"आजोबा, ही तुमची ढोली नाही," ती रडत म्हणाली.

"हो का? बरं, आलोच आहे तर खा!"

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा चुकले. मग रोजच चुकले.

पिल्लं उडाली, तेव्हा आजोबांनी कौतुकाने विचारलं, "कुणाची गं ही पोरं?"

सगळ्या ढोल्या एकदम ओरडल्या, "तुमचीच, आजोबा!"