पान खुडायची वेळ

एकदा एका गृहस्थांनी क्रोध जिंकला. निदान त्यांची स्वतःची तशी खात्री होती, आणि ओळखीपाळखीतल्या चार लोकांचीही.

निवृत्तीराव शेवाळे त्यांचे नाव. तालुक्याच्या गावी आयटीआयमध्ये तीस वर्षे मुलांना लेथ शिकवून ते सेवानिवृत्त झाले होते. नोकरीत असताना त्यांचा राग प्रसिद्ध होता. हाताला येईल ती वस्तू ते फेकत. एकदा तर त्यांनी भिरकावलेला पाना खिडकीची काच फोडून थेट मैदानात जाऊन पडला होता. पुढे उतारवयात ते तात्यांकडे जाऊ लागले. तात्या म्हणजे शेतकी शाळेतले जुने शिक्षक, वय ऐंशीच्या पुढे. रोज सकाळी त्यांच्या ओसरीवर पाचसात माणसे जमत. तात्या एखादा विचार घेऊन त्यावर अर्धा तास बोलत आणि मग सगळ्यांना परसातले वाफे दाखवायला नेत. अशाच एका सकाळी तात्या म्हणाले होते, "रागाला उत्तर देऊ नका. तो आपोआप थकून जातो." निवृत्तीरावांनी ते वाक्य काळजावर कोरून घेतले. तेव्हापासून चार वर्षे त्यांनी घरात आवाज चढवला नव्हता. तात्यांच्या ओसरीवर त्यांचे उदाहरण दिले जाऊ लागले होते.

टोमॅटोचा नादही त्यांना तिथूनच लागला. यंदा घरामागच्या जागेत त्यांनी अठरा रोपे लावली, बांबूच्या काठ्या रोवल्या, सुतळीने एकेक फांदी हलक्या हाताने बांधली. रोपांनीही उपकार फेडले. श्रावणातच ती कमरेपर्यंत आली.

या घरात दीड वर्षापासून आणखी एक माणूस राहत होता. निवृत्तीरावांचा मेहुणा संपत, म्हणजे त्यांच्या पत्नी कलावतीबाईंचा धाकटा भाऊ. सूतगिरणी बंद पडली तशी त्याची वायरमनची नोकरी गेली आणि दोन महिन्यांसाठी म्हणून आलेला संपत तिथेच राहिला. माणूस वाईट नव्हता. पण आंघोळीनंतर तो बादली तशीच टाकी, वर्तमानपत्र सगळ्यांच्या आधी उघडून त्यातले शब्दकोडे पेनाने भरून मोकळा होई, आणि रोज संध्याकाळी पाईप घेऊन टोमॅटोला पाणी मारी. मारी असेच म्हणावे लागेल. धार तो झाडांच्या डोक्यावरून सोडी. पाने रात्रभर निथळत राहत आणि मातीचे शिंतोडे खालच्या पानांवर उडत.

टोमॅटोला पाणी सकाळी द्यावे, बुडाशी द्यावे, पान कोरडे ठेवावे, हे तात्यांनी निवृत्तीरावांना पहिल्याच वर्षी बजावून सांगितले होते. निवृत्तीराव मागच्या दारात उभे राहून पाईपची ती धार पाहत. दातावर दात रोवत. कानशिले तापत. मग "क्षमा, क्षमा" असे पुटपुटत ते आत निघून जात आणि रात्री झोपताना त्यांना स्वतःचा थोडा अभिमानही वाटे.

भाद्रपद उजाडला. आठ-आठ दिवस सूर्याचे दर्शन नाही, हवा ओलीचिंब. एका सोमवारी निवृत्तीरावांना खालच्या एका पानावर तपकिरी ठिपका दिसला. त्यात एकात एक वर्तुळे होती. करपा रोग त्यांनी ओळखला. पण एवढ्याशा ठिपक्यासाठी हिरवे पान खुडायला हात धजेना. पुढच्या आठवड्यात तशी दहा पाने झाली. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांनी मोजणेच सोडून दिले. मग एका सकाळी ते मागचे दार उघडून बाहेर आले आणि जागीच थबकले. झाडांवरून कुणीतरी पेटती चूड फिरवून गेल्यासारखे दिसत होते. पाने चुरमडून लोंबत होती, देठ काळे पडले होते, हिरव्या फळांना तपकिरी चट्टे पडले होते.

तेवढ्यात संपत चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला. त्याने झाडे पाहिली, हळहळला आणि म्हणाला, "दाजी, पाणी कमी पडलं वाटतं. आज जरा जास्त मारतो."

"पाणी कमी?" निवृत्तीरावांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. "पाणी कमी पडलं? अरे, तूच मारलीस ही झाडं! रोज संध्याकाळी बघतोय मी! दीड वर्ष बघतोय! ती बादली बघतोय, तो पेपर बघतोय, सगळं बघतोय!"

"दाजी, मला काय माहीत की…"

"तुला काय माहीत असणार? खायचं आणि झोपायचं! ऐतखाऊ! बहिणीच्या घरावर वाढलेलं बांडगूळ आहेस तू, बांडगूळ!"

त्यांनी लाथ मारली तशी बांबूची काठी कडकन मोडली आणि तिच्यावरचे झाड आडवे झाले. स्वयंपाकघराच्या दारात कलावतीबाई उभ्या होत्या. धुण्याच्या दगडावर संपतने कप ठेवला. दुपारच्या एसटीने तो गावी निघून गेला.

कलावतीबाई त्या दिवशी एकच वाक्य बोलल्या. "चार वर्षं तुम्ही गप्प होता. मला वाटायचं, तुम्ही सुखात आहात." त्यानंतर त्यांनी बोलणे टाकले.

तीन दिवसांनी निवृत्तीराव तात्यांकडे गेले, ते पश्चात्तापाने नव्हे. राग अजून उतरला नव्हता. इतकी वर्षे कोंडलेला राग एकदा बाहेर पडल्यावर त्याला पुन्हा आत शिरायला वाट सापडत नव्हती. झाडांचा राग, मेहुण्याचा राग, अबोल्याचा राग. "माझी चार वर्षांची तपश्चर्या त्या माणसानं धुळीला मिळवली," ते ओसरीवर उभ्या उभ्याच म्हणाले.

तात्यांनी सगळे ऐकून घेतले. मग काठी उचलली आणि म्हणाले, "चल. झाडं दाखव."

परसात आल्यावर तात्यांनी एक रिकामे पोते मागितले. सुरुवात त्यांनी सर्वांत किडकिडीत रोपांपासून केली. डागाळलेली पाने तेवढी खुडून पोत्यात टाकत, रोप मात्र तसेच ठेवत. तीन रोपे झाल्यावर त्यांनी साबण मागितला, हात धुतले आणि पुढच्या रोपाला हात घातला. निवृत्तीरावांना हा सोहळा बघवत नव्हता. त्यांची सारी आशा भिंतीजवळच्या एकाच झाडावर होती. ते सगळ्यांत उंच होते, त्याचा शेंडा अजून हिरवागार होता आणि अंगावर तीसचाळीस फळे होती.

तात्या त्या झाडाशी आले. गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि बुंध्याकडे क्षणभर पाहिले. मग काठी बाजूला ठेवली, दोन्ही हातांनी बुंधा धरला आणि ते झाड मुळासकट उपटून काढले. फळे मातीत विखुरली.

"तात्या!" निवृत्तीराव ओरडले. "काय केलंत हे? एवढं एकच चांगलं झाड उरलं होतं माझं! मरतुकडी रोपं ठेवता आणि भरलेलं झाड उपटता? वयानं दिसेनासं झालंय का तुम्हाला?"

आपण गुरूवर ओरडलो, हे ओरडून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आले. पण तात्यांचा चेहराही शांत नव्हता. त्यांच्या डोळ्यांत ठिणगी होती. त्यांनी उपटलेले झाड निवृत्तीरावांच्या तोंडासमोर धरले.

"ओरड. पण आधी हे बघ."

बुंध्याला चारी बाजूंनी काळा पट्टा पडला होता. आतून खोड कुजले होते. शेंडा हिरवा होता तो केवळ अंगातल्या उरल्यासुरल्या ओलाव्यावर.

"पहिला डाग कधी दिसला तुला?"

"तीन आठवडे झाले."

"कुठे?"

"पानावर. एका पानावर."

"मग खुडलं का नाहीस ते पान?"

निवृत्तीराव घुटमळले. "जिवावर आलं. वाटलं, एवढ्याशानं काय होतंय. जाईल आपोआप."

"आणि तुझ्या मेहुण्यानं किती संध्याकाळी पानं भिजवली?"

"चाळीसएक तरी असतील."

"त्याला तू किती वेळा सांगितलंस, की बाबा रे, असं करू नकोस?"

निवृत्तीराव मोडलेल्या काठीकडे पाहू लागले.

"एकदाही नाही?" तात्यांचा आवाज चढला. "तुला ठाऊक होतं, त्याला ठाऊक नव्हतं. मग निवृत्ती, तू मला सांग, या झाडांवर रोज संध्याकाळी पाणी कोण मारत होतं?"

वाऱ्यावर सुतळीची टोके हलत होती.

मग तात्या धुण्याच्या दगडावर टेकले आणि सावकाश बोलू लागले. "पान खुडायच्या वेळी तू दया दाखवलीस, म्हणून झाड उपटायची वेळ आली. पहिल्या दिवशी एक पान खुडलं असतंस तर झाडाला कळलंही नसतं. माणसांचंही तसंच. 'संपत, बादली पालथी घालत जा,' एवढं म्हणायला तुला राग लागला असता तो नखाएवढा. तो तू गिळलास आणि त्याला क्षमा म्हणालास. ती क्षमा नव्हती. क्षमा केलेली गोष्ट माणूस मोजत नाही. तू मोजत होतास, दीड वर्ष. गिळलेला राग मरत नाही रे, तो आत पसरतो. आणि एक दिवस माणूस पान सोडून मुळालाच हात घालतो."

निवृत्तीरावांचे डोळे भरून आले. तात्यांनी मान हलवली.

"थांब. चूक तुझ्या एकट्याची नाही. रागाला उत्तर देऊ नका, हे वाक्य माझं. ते अर्धंच होतं. राग आला की ओरडू नका, पण सांगा जरूर, असं म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो. ओसरीवर शांत चेहरे दिसत होते, आणि शांत शिष्य पाहून कुणालाही बरंच वाटतं. मला वाटलं, माझं शिकवणं फळाला आलं. आज इथे येईपर्यंत मला तुझा राग येत होता. आता माझाच येतोय."

एवढे बोलून ते उठले. "पोतं लांब नेऊन जाळ. खताच्या खड्ड्यात टाकू नकोस. उरलेल्या रोपांना उद्यापासून बुडाशी पाणी घाल. पाच तरी वाचतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी निवृत्तीराव पत्नीला म्हणाले, "मी संपतकडे जातोय. येतेस?" कलावतीबाईंनी पायांत चपला घातल्या. एसटीत मात्र त्या वेगळ्या बाकावर बसल्या.

संपत गावी चुलतभावाच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाण्याच्या मोटारीला तार भरत बसला होता. दाजींना पाहून तो उभा राहिला, पण पुढे आला नाही.

"मी जो शब्द वापरला तो नीच होता," निवृत्तीराव म्हणाले. "त्याची माफी मागायला आलोय. झाडं माझ्यामुळे मेली. मला माहीत होतं आणि मी तुला सांगितलं नाही."

संपत हातातल्या तारेकडे पाहत राहिला. "दाजी, त्या घरात माझ्या हातून काहीच होत नव्हतं. वाटायचं, निदान पाणी तरी घालावं. तेवढंच एक काम होतं माझं." तो थांबला. मग त्याचाही आवाज कडक झाला. "आणि खरं सांगू? बांडगूळ म्हणालात ते लागलं. पण त्याच्या आधीचं दीड वर्ष जास्त लागलं. जेवताना तुम्ही ताटाकडे बघायचा. मी समोर बसलोय, आणि माणूस ताटाशी जेवतोय! काय चुकलं ते विचारायची सोय नव्हती. तुम्ही हसून 'काही नाही' म्हणायचा. त्यापेक्षा मारलं असतंत तर बरं."

निवृत्तीरावांच्या कानशिलांत जुनी ऊब चढली. माफी मागायला एवढ्या लांब यावे आणि वर हे ऐकून घ्यावे? "क्षमा" हा पुटपुटायचा शब्द ओठांवर आला. तो त्यांनी उच्चारलाच नाही.

"संपत, मला आत्ता राग आलाय," ते म्हणाले.

"येऊ द्या," संपत म्हणाला आणि त्याने एक पालथे खोके पुढे सरकवले. "बसा."

ते बसले. तेव्हा इतका वेळ दाराशी उभ्या असलेल्या कलावतीबाई आत आल्या. पदर खोचून दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "झालं तुमचं दोघांचं? आता माझं ऐका."

दोघे पुरुष मुकाट्याने ऐकू लागले. परतीची पहिली एसटी निघून गेली, दुसरीही गेली. संपत त्या घरी राहायला पुन्हा आला नाही, गावीच त्याचा जम बसला. पण सणावाराला येऊ लागला, आणि त्या घरात नुसते ताटाकडे बघत कुणी जेवेनासे झाले.

ज्याच्यावर आपले प्रेम आहे, त्याला आपली नाराजी वेळेवर ऐकण्याचाही अधिकार असतो.