भिंगरी आणि उडालेला वर्ग

अरे ओजस, ऐक ना, ऐक! काय झालंय माहितीये का? अख्खा पहिलीचा वर्ग उडाला! तसा नाही रे, धडाम वगैरे नाही. वर उडाला. पोरं, बाई, सगळे! नाही, पाणी नंतर. आधी आडवा हो, उशी घे, आणि तो पाय थांबव. नाही थांबत? बरं, राहू दे. पायाचीच गोष्ट आहे ही.

एक होता राजा. त्याला एका जागी बसवायचंच नाही. सिंहासनावर टेकला की उठला, टेकला की उठला. जेवायचासुद्धा चालता चालता, आणि मागून वाढपी पळतोय भाताचं पातेलं घेऊन! तर त्या राजाच्या गावात एक शाळा होती. शाळा म्हणजे काय, एक मोठ्ठं चिंचेचं झाड. खाली पोरं बसायची, वर फांदीला पितळेची घंटा. घंटेला दोरी. आणि त्या दोरीला हात लावायचा नाही, बरं का! सुट्टीची घंटा फक्त सगुणाबाई वाजवायच्या. त्या पोरांच्या बाई.

वर्गात एक मुलगी होती. नाव सुभद्रा, पण सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. का, ते तुझा पाय बघ म्हणजे कळेल. तिला जगात एकच गोष्ट हवी होती. खाऊ नको, फ्रॉक नको. ती घंटा वाजवायची होती. एकदाच. ठण्ण!

मग एकदा काय झालं, राजाच्या अंगणात एक चांदणी पडली. पडली आणि फुटली. राजाने सोनाराकडून तिच्या तुकड्यांच्या टिकल्या करून घेतल्या आणि त्या डबीत भरून तो पळत पळत शाळेत आला.

"बाई, या घ्या. जो शांत बसेल, नीट काम करेल, त्याच्या कपाळावर एक लावायची. शनिवारी ज्याच्याकडे सगळ्यात जास्त, तो सुट्टीची घंटा वाजवेल!" म्हणाला आणि पळाला. बसला नाही हां, स्वतः बसला नाही.

भिंगरीचे डोळे हे एवढे झाले.

मग अंक सुरू झाले. भिंगरी मांडी घालून बसली, पाटीवर लिहायला लागली. होतच आलं होतं रे! तेवढ्यात शेजारच्या दामूची पेन्सिल घरंगळली, उतारावरून टुण टुण टुण. दामू बिचारा रडकुंडीला. झालं, भिंगरी उठून पेन्सिलीमागे. पेन्सिल आणली, पण बाई म्हणाल्या, "उठलीस ना? गेली टिकली." आणि लावली कुणाला? दामूला! तो बसला होता ना.

मग दुसऱ्या दिवशी कविता. भिंगरीने स्वतःचे अंगठे धरून ठेवले, पाय पळू नयेत म्हणून. आणि कुंदाला लागली उचकी. हिक्! हिक्! भिंगरी माठाकडे. कुंदाला पाणी मिळालं, टिकली पण मिळाली. भिंगरीला काय? काही नाही.

मग तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "हाताची घडी, तोंडावर बोट!" भिंगरी दगड झाली. नाकावर माशी बसली तरी हलली नाही. बाईंनी डबी उघडली, टिकली काढली, भिंगरीच्या कपाळापाशी आणली... आणि एक बकरी आली! सरळ छोट्या नामीच्या पिशवीत तोंड, भाकरी बाहेर. नामीने भोकाड पसरलं. सांग बरं, भिंगरी बसेल? बकरी पुढे, भिंगरी मागे, झाडाला तीन फेऱ्या. अर्धी भाकरी वाचवली. टिकली मात्र परत डबीत.

"बाई, मी मुद्दाम नाही उठले," भिंगरी म्हणाली.

"कळतं गं मला," बाई म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटलं, पण राजाचा नियम पडला.

मग आला शनिवार. दामूच्या कपाळावर जागाच नाही, गालावर, नाकावर, कानाच्या पाळीवर टिकल्या. बाकीच्या पोरांकडेही चार-पाच तरी होत्याच. उठला ऐटीत, म्हणाला, "सरका, घंटा वाजवायचीय," आणि पाऊल टाकलं तर खाली जमीनच नाही!

चांदणीचे तुकडे ना ते. त्यांना घरी जायचं होतं. वर!

"बाई, मी चाललो!" दामू ओरडला आणि गेला की वर. मागून कुंदा. मागून नामी. बाईंनी दोघांचे पाय धरले, तर बाईपण चालल्या, चप्पल खाली, बाई वर! सगळे जाऊन चिंचेच्या फांद्यांत अडकले. फांद्या कड् कड् वाजायला लागल्या. फांदी मोडली की सरळ आभाळात, थांबायला काही नाहीच. टिकल्या ओढून काढायला गेले, तर निघेनात. आणि जमिनीवर कोण? एकटी भिंगरी. तिच्या कपाळावर होतंच काय?

ती इकडे पळाली, तिकडे पळाली. शिडी नाही. कुणी मोठं माणूस जवळपास नाही. वर दामू रडतोय, "भिंगरे, माझी पेन्सिल पण तूच आणलीस गं, तूच ये!"

आणि टिच्! दामूच्या नाकावरची टिकली सुटली. ती भुर्रकन खाली आली आणि भिंगरीच्या कपाळाला चिकटली. दामू एक फांदी खाली उतरला.

"अजून बोल!" भिंगरी ओरडली. "लवकर!"

दामूने लगेच लोणी लावलं. "भिंगरी किती शांत बसते! भिंगरीचं अक्षर किती सुंदर!"

काही नाही. एक टिकली हलेना.

"अरे गाढवा, खरं बोल!" वरून बाई ओरडल्या. पहिल्यांदाच बाईंनी कुणाला गाढव म्हटलं असेल.

मग सगळे आठवायला लागले. मला पाणी दिलंस, टिच्! माझी भाकरी वाचवलीस, टिच्! मी पडलो तेव्हा तू गुडघ्यावर फुंकर घातलीस, टिच् टिच्! बाई म्हणाल्या, "अगं, रोज फळा पुसायचीस, मी साधं बघितलंही नाही." इतकं खरं बोलल्या की दोन्ही हातांतल्या पोरांच्या टिकल्या सुटल्या. पोरं धपाधप खाली यायला लागली, पिकल्या चिंचांसारखी. आणि भिंगरीच्या टाचा उचलल्या गेल्या!

तिला कळलं. आता आपण चाललो. मग तिने काय धरलं असेल?

घंटेची दोरी!

एक टिकली आली, ठण्ण! दुसरी आली, ठण्ण! भिंगरी वर, पाय आभाळात, डोकं खाली, आणि घंटा ठणाठणा ठणाठणा! घाबरली होती रे ती खूप. पण हसतही होती.

गावात एकच गोंधळ. भरदुपारी सुट्टी कशी झाली? भाजीवाल्या आल्या, कुंभार चिखलाच्या हातांनी आला, राजा तर अनवाणी, पुरणपोळी तोंडात तशीच.

दोरीचा पीळ सुटायला लागला. "भिंगरे," खालून बाई म्हणाल्या, "आता तू बोल!"

आणि बोलायला काय, भिंगरीची जीभपण पायांसारखीच! "कुंदाने मला तिचं खोडरबर... नाही नाही, पाटी पुसायचं फडकं दिलं होतं! दामू नामीला अंक शिकवतो, कुणाला सांगत नाही! कुंभारकाका माठ फुटला तरी रागवत नाहीत! बाई ताप होता तरी आल्या होत्या! राजा, तुम्ही जेवण टाकून आलात!" टिच्, टिच्, टिच्! ज्याला त्याला एक एक टिकली. अख्ख्या गावाच्या कपाळावर चांदणी. भिंगरी हळूहळू खाली, खाली, खाली.

शेवटी तिच्याकडे पण एकच उरली. एका टिकलीने कुणी उडत नाही, बरं का. फक्त टाचा टेकत नाहीत नीट.

राजाने स्वतःचं कपाळ चाचपलं. स्वतःचे पाय बघितले. मग म्हणाला, "नियम चुकला माझा. टिकली साठवायची नाही. रोज सुट्टीच्या आधी दुसऱ्याला द्यायची, आणि का देतोय ते खरं सांगायचं. ज्याने दुसऱ्यातलं चांगलं सगळ्यात नेमकं टिपलं, तो घंटा वाजवेल." आणि हे सांगून राजा चिंचेखाली मांडी घालून बसला. पूर्ण पुरणपोळी संपेपर्यंत बसला!

मग सगळे सुखात राहिले. बकरीपण.

आणि तेव्हापासून ज्या पोरांकडे एक चांदणी असते ना, त्यांचे पाय काही स्वस्थ राहत नाहीत. हे बघ, चादर हलतेय. झोपायच्या आधी ती देऊन टाकायची असते, मग थांबतात पाय. मिट डोळे. आता तू आहेस भिंगरीच्या जागी, वर, उलटा, घंटेला लटकलेला, आणि खाली तुझा अख्खा वर्ग उभा आहे. सांग, पहिली कुणाला दिली असतीस? आणि का?