गूळ आणि हौद्यातली माती

"...मग पोरांना गोडी लावायची कशी, एवढंच सांगा."

शिवगोंडानं पुन्हा तेच विचारलं. दस्तगीर वस्ताद तालमीच्या उंबऱ्यावर बसून दात कोरत होते.

शिवगोंडा त्यांचा जुना चेला. एका जागी उभा राहील तर शपथ. आता शेजारच्या गावात त्याची स्वतःची तालीम होती आणि गळ्यात शिट्टी. झोपतानाही काढत नसावा, असा माझा अंदाज.

त्याचं रडगाणं असं. शिट्टी वाजवून झाली, छडी उगारून झाली, जास्त जोर मारणाऱ्याचा फोटो भिंतीवर लावून झाला. तरी ह्यानं पाठ फिरवली की पोरं बसली खाली. त्यात भरमू, ज्याच्यावर सगळी भिस्त, तो नागपंचमीपासून फिरकलाच नव्हता. जत्रेच्या मैदानात पोरगं उतरलं नाही, तर गावचे पंच त्याची तालीम बंद करून तिथं खताची पोती रचणार होते.

"खोरं घे," वस्ताद म्हणाले. "हौदा उकर."

तालमीची रीतच आहे. कुस्तीआधी हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या खड्ड्यातली, तांबडी माती खोल उकरून मऊ करायची, नाहीतर पडणाऱ्याचं कंबरडं मोडतं. पोरवयात हे काम आपल्यालाच मिळावं म्हणून शिवगोंडा बाकीच्यांशी भांडायचा.

त्यानं पँट दुमडली, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि खोरं हाणलं.

"वा," वस्ताद म्हणाले आणि कमरेच्या पुरचुंडीतला गुळाचा एक खडा त्याच्या हातावर ठेवला.

शिवगोंडा लाजला. पण खाल्ला.

पुन्हा खोरं. पुन्हा वा. पुन्हा खडा.

पुढं गंमत झाली. गडी घाईला आला. खोरं खोल जाईना, नुसतं वरवर खरवडायला लागलं. खरवडलं की मान वर. चांगला बाप्या माणूस, पण मिशीला गूळ.

मग वस्तादांनी लुंगीला हात पुसले आणि आभाळाकडं बघत बसले.

शिवगोंडाचं खोरं थांबलं.

...

"संपला का, वस्ताद?"

वस्तादांनी पुरचुंडी उघडून दाखवली. गच्च भरलेली होती.

शिवगोंडाचे कान मातीच्या रंगाचे झाले.

...

वस्ताद उठले. गुडघे कुरकुरले. त्यांनी खोरं काढून घेतलं आणि स्वतःच उकरायला लागले. खोल, सावकाश. एखादं ढेकूळ हातात चुरायचं, वास घ्यायचा, स्वतःशीच हसायचं. म्हाताऱ्याला एकदम कसली लॉटरी लागली, असं वाटावं.

शिवगोंडा येरझाऱ्या घालायला लागला. आधी काठावरून, मग हौद्यातूनच. म्हणाला, कळलं मला, आजपासून शिट्टी बंद, फोटोही काढून टाकतो. चार पावलं गेला आणि परत फिरला. मग त्याऐवजी पोरांना द्यायचं काय?

वस्तादांचं लक्षच नव्हतं. ते खरं की सोंग, देव जाणे. म्हातारा तसा नाटकी.

शिवगोंडा त्यांच्या अगदी खोऱ्यापुढं येऊन उभा राहिला. आवाज बारीक झाला होता.

"वस्ताद... भरमू परत येईल का, तेवढं तरी सांगा."

वस्तादांनी मान वर केली नाही.

"पाय काढ," ते म्हणाले. "मातीवर उभा हाईस."